इंग्रजीतले वेगवेगळे ॲक्सेंट कसे ओळखायचे, आणि गाण्यात ते का कळत नाहीत?

तुमचा प्रश्न असा आहे की मुलाखती, सिनेमे ऐकताना ब्रिटिश आणि अमेरिकन एवढे दोनच ॲक्सेंट कळतात, ऑस्ट्रेलियन, आयरिश, स्कॉटिश सगळं एकात एक मिसळतं आणि गाण्यात तर झाडून सगळे अमेरिकनच वाटतात. मग कान तयार करायला सुरुवात कुठून करायची?

मी पुण्यात घरून ट्रान्सक्रिप्शनचं काम करते, गेली अकरा वर्षं. कानाला हेडफोन, पायाखाली रेकॉर्डिंग थांबवायचं-चालवायचं पेडल, आणि जगाच्या पाठीवरचं कुणीतरी इंग्रजीत बोलत असतं ते शब्दन् शब्द टाइप करायचं. त्यामुळे हा प्रश्न माझ्या पोटापाण्याचाच आहे.

आधी एक सांगते. अख्ख्या बोलण्याचा सूर पकडायला जाऊ नका, एकेक आवाज पकडा. समोरचा माणूस 'करून राहिलो' म्हणाला की तो विदर्भाकडचा हे आपल्याला त्या दोन शब्दांतच कळतं, पुढची दहा वाक्यं ऐकावी लागत नाहीत. इंग्रजीतही अशा खुणा आहेत, फक्त त्या माहीत हव्यात.

पहिली खूण 'र'ची. 'कार', 'हार्ड', 'फोर' हे शब्द ऐका आणि शेवटचा किंवा मधला र जिभेवर येतो का ते बघा. बहुतेक अमेरिकन, कॅनेडियन, आयरिश आणि स्कॉटिश लोक तो म्हणतात. इंग्लंडचा बराचसा भाग, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका इथले लोक तो गिळतात, त्यांचं 'कार' म्हणजे नुसतं लांबवलेलं 'का'. या एका प्रश्नाने इंग्रजी बोलणारं जग साधारण दोन गटांत वाटलं जातं. अपवाद आहेतच. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन-कॉर्नवॉलकडे र टिकून आहे, आणि अमेरिकेत असूनही बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या जुन्या लोकांच्या बोलण्यात तो गळतो. शिवाय र गिळणारे लोक पुढे स्वर आला की तो परत आणतात, आणि कधी कधी जिथे नाही तिथेही घालतात: 'लॉ अँड ऑर्डर' हे 'लॉरँड ऑर्डर' होतं. तेव्हा र ऐकायचा तो शब्दाच्या शेवटी, पुढे विराम असताना किंवा व्यंजन असताना.

दुसरी खूण आपल्यापैकी कित्येकांनी नकळत शिकलेली आहे, क्रिकेटमुळे. जेफ्री बॉयकॉटची कॉमेंटरी आठवा. यॉर्कशायरचा माणूस. त्याच्या तोंडी 'रबिश' कधी 'रबिश' नसायचं, 'रुबिश' असायचं. उत्तर इंग्लंडमध्ये 'पुट' आणि 'कट' या शब्दांतला स्वर एकच आहे. दक्षिणेत काही शतकांपूर्वी त्या एकाचे दोन झाले, उत्तरेत ते घडलंच नाही. म्हणून तिकडे 'कप' हा 'कुप'सारखा आणि 'बस' ही 'बुस'सारखी ऐकू येते. जोडीला 'बाथ', 'लास्ट', 'ग्रास' हे शब्द. दक्षिण इंग्लंडमध्ये त्यांत लांब 'आ' असतो, उत्तरेत आखूड 'ॲ'. आता बघा, आखूड 'ॲ' अमेरिकन लोकही म्हणतात. पण 'बॅथ' म्हणणारा माणूस 'कार'मधला र गिळत असेल, तर तो बहुधा अमेरिकन नाही, मँचेस्टर-लीड्सकडचा आहे. खुणा अशा जोडीने लावायच्या. एकटी खूण फसवते.

अमेरिकनांबद्दल सगळे सांगतात की ते 'वॉटर'ला 'वॉडर' म्हणतात. हे खरं आहे, पण तो आवाज नीट ऐकला तर आपल्या 'ड'पेक्षा 'बरा' किंवा 'मोरी'तल्या र च्या जास्त जवळचा आहे: जीभ टाळूला एकदाच, झटकन लागून सुटते. फक्त हीच लकब ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्येही आहे. म्हणून पुन्हा जोडी: मधला ट असा हलका आणि शेवटचा र ठसठशीत, तर उत्तर अमेरिका. लंडनच्या साध्या वस्त्यांतला माणूस तोच ट गायब करून घशात एक झटका देतो. आपण 'अंहं' म्हणताना सुरुवातीला घसा क्षणभर बंद होतो ना, तोच झटका 'बॉटल'च्या मधोमध ठेवून बघा.

आता ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. इथे मी स्वतः ठेचकाळले आहे. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. न्यूझीलंडच्या एका शेतकऱ्याचा विम्याच्या दाव्यासाठी नोंदवलेला जबाब माझ्याकडे आला होता. मुलगा कशावरून तरी पडला आणि हाताचं हाड मोडलं, असा मजकूर. कशावरून, तर मला स्पष्ट ऐकू आलं 'स्टिअर्स', म्हणजे बैल. मागेपुढे गोठ्याचं, गुरांचं बोलणं चाललेलंच होतं, मी तेच टाइप केलं. फाइल परत आली, लाल खुणा करून. तो माणूस 'स्टेअर्स' म्हणत होता. मुलगा घरातल्या जिन्यावरून पडला होता. विम्याच्या कागदात जिना आणि बैल यांत केवढा फरक पडतो ते सांगायला नको. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण मी निष्काळजीपणा केला नव्हता, मन लावून ऐकलं होतं. मग शोधाशोध केली तेव्हा कळलं की न्यूझीलंडच्या बहुतेक लोकांच्या बोलण्यात 'इअर' आणि 'एअर' हे दोन आवाज एक झाले आहेत. 'बिअर' आणि 'बेअर', 'चिअर' आणि 'चेअर' सारखेच. तिथे कान उपयोगाचा नाही, संदर्भच लागतो.

त्या देशाच्या बाकीच्या खुणा त्याच महिन्यात पाठ केल्या. 'ए' वर सरकून 'इ'कडे जातो, 'पेन' हे 'पिन'सारखं. आणि मूळचा 'इ' खाली घसरून 'अ' होतो: 'सिक्स'चं 'सक्स', 'फिश'चं 'फश'. ऑस्ट्रेलियन माणूस त्याच 'इ'ला उलट दिशेला ओढतो, त्याचं 'फिश' जवळजवळ 'फीश' असतं. दोघांना शेजारी उभं करून 'फिश अँड चिप्स' म्हणायला लावलं की प्रश्नच मिटतो. कॉमेंटरीत न्यूझीलंडचे इयान स्मिथ किंवा डॅनी मॉरिसन षटकार पुकारतात तेव्हा कान देऊन ऐका. ऑस्ट्रेलियनांची आणखी एक खूण उच्चारातली नाही, धावसंख्या सांगण्यातली आहे. इंग्लिश माणूस आधी धावा सांगतो, मग विकेट. ऑस्ट्रेलियन आधी विकेट सांगतो. मी तर शब्दांच्या अशा खुणाही वहीत टिपून ठेवते.

आयरिश ॲक्सेंट ओळखायला मराठी कान विशेष चांगला आहे, हे मला मनापासून सांगायचंय. आयर्लंडमध्ये अनेकजण 'थ'च्या जागी दातांना जीभ लावून सरळ आपला त म्हणतात आणि 'दॅट'मध्ये आपला द. त्यांचं 'थ्री' हे 'त्री' होतं. इंग्लिश किंवा अमेरिकन माणसाला ते 'ट्री' ऐकू येतं, कारण त्यांच्या कानात त आणि ट वेगळे नाहीतच. आपल्याला ते लहानपणी पाटीवर वेगवेगळे गिरवायला लावलेले असतात. आणि आयरिश माणूस 'फिल्म'ला 'फिलम' म्हणतो, अगदी आपल्या आजीसारखं! ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पेडलवरचा पाय उचलून पुन्हा पुन्हा ऐकलं होतं.

स्कॉटिश लोकांचा र बऱ्याचदा आपल्यासारखा जिभेच्या टोकाने वाजतो. 'गर्ल', 'वर्ल्ड' अशा शब्दांत र आणि ल दोन्ही सुटे ऐकू येतात. त्यांच्याकडे 'फूड' आणि 'फुट' यांतला स्वर एकच असतो. एवढ्यावर काम भागतं.

आता गाणं.

आपलंच उदाहरण घ्या. नागपूरचा मुलगा, कोल्हापूरची मुलगी आणि मालवणचा मुलगा तिघांनी एकच भावगीत म्हटलं तर कोण कुठलं ते सांगता येईल? बोलताना एका वाक्यात कळलं असतं. गाण्यात नाही कळत, कारण बोलण्यातला हेल चालीने काढून घेतलेला असतो. कुठे चढायचं, कुठे उतरायचं हे चाल ठरवते, कुठला शब्द लांबवायचा हे ताल ठरवतो. ॲक्सेंटचा बराच भाग या दोन गोष्टींतच असतो. उरतात फक्त स्वर आणि व्यंजनं, आणि त्यांतले स्वरही ताणले की बदलतात. 'नाइट' चार मात्रा धरायचं असेल तर गायक 'ना'वर थांबतो आणि 'इ' शेवटी जाता जाता उरकतो. वरच्या पट्टीत तर स्वर एकमेकांत मिसळूनच जातात. सोप्रानो, म्हणजे ऑपेरात अगदी उंच पट्टीत गाणारी गायिका, तिचे शब्द कळत नाहीत याचं कारण तिचे उच्चार वाईट असतात हे नाही, तेवढ्या उंचीवर 'ई' आणि 'आ' वेगळे राहूच शकत नाहीत.

पण 'सगळे अमेरिकन का वाटतात' याचं उत्तर एवढंच नाही. दुसरा भाग रिवाजाचा आहे. रॉक, पॉप, ब्लूज ही गाणी अमेरिकेतून, त्यातही दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय गायकांकडून आली, आणि त्यांच्याबरोबर उच्चारही आले, जसे ख्यालाबरोबर ब्रज भाषेचे उच्चार आपल्या मराठी गवयांच्या तोंडी बसले. पीटर ट्रडगिल या इंग्लिश भाषाशास्त्रज्ञाने 1983 साली यावर एक सुंदर निबंध लिहिला. ब्रिटिश पॉप गायक 'कान्ट'ऐवजी 'कॅन्ट', 'माय'ऐवजी 'मा', 'बेटर'ऐवजी 'बेडर' गातात हे त्याने दाखवलं. बीटल्सच्या 1963 ते 1969 च्या रेकॉर्ड्समध्ये त्याने शब्दाच्या शेवटचे र मोजले. सुरुवातीला लिव्हरपूलची ही पोरं अमेरिकन पद्धतीने बरेच र म्हणत होती. पुढे पुढे ते कमी होत गेले आणि शेवटाकडे जवळपास उरलेच नाहीत. तोवर त्यांना कुणासारखं वाटायची गरज राहिली नव्हती, असं मला वाटतं.

म्हणून बोलण्यातली र ची कसोटी गाण्यात लावू नका. इंग्लिश गायक नसलेला र घालतो, आणि उलट अमेरिकेतल्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनात, ताणलेला स्वर बिघडू नये म्हणून 'हार्ट'मधला र सोडायला शिकवतात. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या, 'क्वीन' बँडच्या फ्रेडी मर्क्युरीचा आवाज ऐकून कुणाला पाचगणीचा पत्ता लागणार आहे? ॲडेल बोलते तेव्हा पक्की लंडनची असते, गाताना ते लंडन बरंचसं मागे सरतं.

मागच्या दिवाळीत माझी भाची आली होती, मेलबर्नमध्ये वाढलेली, चौदा वर्षांची. बोलताना तिचा 'डे' हा 'डाय'कडे झुकतो. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मोबाइलवर लावलेलं एक इंग्रजी गाणं गुणगुणत होती, तर त्यात 'डे' स्वच्छ अमेरिकन. गाणं थांबवून मला म्हणाली, "मावशी, व्हॉट डाय इज इट टुडाय?" दोन्ही एका मिनिटात. मी तिला तसं सांगितलं, तर तिला पटेना. मग मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवलं. ती स्वतःचा आवाज ऐकून गप्पच झाली, आणि मग तिने तेच गाणं मुद्दाम ऑस्ट्रेलियन उच्चारात म्हणून बघितलं. तिला जमेना. म्हणाली, हे खोटं वाटतंय. आपले स्वतःचे उच्चार गाण्यात खोटे वाटावेत, याचं मला अजून नवल आणि थोडं दुःख वाटतं. संध्याकाळी आरतीत मात्र ती पकडली गेली. गणपतीच्या आरतीत एका ओळीत तीन ळ येतात, ते तिन्ही ल झाले.

गाण्यात शोधायचं ते हेच, परक्या जिभेला जिथे अडतं ती जागा. मराठी गाणं अमराठी गायकाने म्हटलं की ळ आणि 'चमचा'तला च सांगून जातो. इंग्रजीत भराभर म्हटलेल्या ओळी, छोटे शब्द आणि ओळीच्या शेवटची व्यंजनं ऐका. ताणलेल्या स्वरावर वेळ घालवू नका, तिथे काही सापडत नाही. आणि ज्यांनी आपले उच्चार गाण्यात राखले त्यांच्यापासून सुरुवात करा: स्कॉटलंडचे प्रोक्लेमर्स, र ऐकण्यासाठी, आयर्लंडमधल्या लिमरिककडची गायिका डोलोरेस ओ'रिऑर्डन, शेफिल्डच्या आर्क्टिक मंकीज या बँडचा 2006 सालचा पहिला अल्बम, उत्तर इंग्लंडचा तो 'कुप'मधला 'उ' ऐकण्यासाठी, लंडनची लिली ॲलन, घशातल्या झटक्यासाठी. गाण्याआधी त्याच गायकाची दोन मिनिटांची मुलाखत ऐकायची, मग गाणं, मग पुन्हा मुलाखत. मी असंच करते.

बोलण्याच्या सरावासाठी अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाचं 'स्पीच ॲक्सेंट अर्काइव्ह' उघडा. फुकट आहे. जगभरच्या माणसांनी एकच छोटा परिच्छेद वाचलेला आहे, कुणा स्टेलाला दुकानातून काय काय आणायला सांगायचं त्याची यादी. मराठी मातृभाषेची माणसंही त्यात आहेत. आधी लीड्सकडचा आवाज लावा आणि फक्त 'आस्क' ऐका. मग न्यूझीलंडचा लावा, 'सिक्स' आणि 'रेड' ऐका. डब्लिनच्या माणसाचं 'थ्री' आणि ग्लासगोच्या माणसाचं 'स्टोअर'. एका आवाजात एकच शब्द, बाकी सगळं सोडून द्यायचं. रोज दहा मिनिटं, महिनाभर.