जळगाव ते सेमाडोह: जाताना बऱ्हाणपूरवरून जा

ताई, तुमचा प्रश्न असा की जानेवारीत आई-बाबा आणि सात वर्षांच्या लेकीला घेऊन मेळघाटच्या जंगलातल्या सेमाडोहला दोन रात्री राहायचंय, मेळघाटची सफारी करायचीय आणि घरचे म्हणताहेत हायवेने खामगाव-अकोट करत जाऊ. माझं मत विचाराल तर तो रस्ता परतीला ठेवा. जाताना भुसावळ, फैजपूर, सावदा, रावेर, बऱ्हाणपूर, धारणी, हरिसाल असं जा. थांबत थांबत गेलात तर अख्खा दिवस जातो, पण तोच दिवस सहलीतला सगळ्यात चांगला निघतो.

सकाळी सहाला निघा. भुसावळ सोडून तापी ओलांडली की केळीचा पट्टा लागतो. दोन्ही अंगांना बागा आणि समोर सातपुड्याची निळसर रेघ. कापणी चालू असलेली बाग दिसली तर गाडी बाजूला घ्या, लेकीला बघू द्या. माणसं डोक्या-खांद्यावरून घड आणतात आणि चिक लागून त्यांचे कपडे काळे पडलेले असतात. जानेवारी म्हणजे भरिताचा मोसम. बामणोद याच रस्त्यावर आहे आणि भरिताच्या वांग्यांसाठी नावाजलेलं आहे. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, ठेचलेलं, वर कांद्याची पात घातलेलं भरीत मिळालं तर डब्यात बांधून घ्या. हॉटेलातलं गॅसवरचं नको.

रावेरला टाकी फुल्ल करा. बऱ्हाणपुरात दोन तास ठेवा. हा आपल्याच जुन्या खानदेशाचा भाग, फारुकी सुलतानांची राजधानी. मुमताज महल १६३१ साली इथेच वारली. बाबांना इतिहासाची आवड असेल तर तापीकाठचा शाही किल्ला आणि जामा मशीद दाखवा. या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. बाकीच्यांना मावा जिलेबी, ती तिथे चुकवायची नाही.

पुढे देडतलाईवरून धारणी. इथून रस्ता वळणावळणाचा होतो. लेकीला गाडी लागत असेल तर जिलेबी बेतानेच द्या! हरिसालनंतर सागाचं जंगल दाट होतं आणि सिपना नदी सोबतीला येते. अंधार पडायच्या आत सेमाडोह गाठाच. रात्री वळणावर रानगवा उभा असला तर हेडलाइटमध्येही चटकन कळत नाही. मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून बुकिंगची प्रिंट आणि सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ असू द्या. बुकिंग वनविभागाच्या संकेतस्थळावरून आधीच करा, तिथे जाऊन बघू म्हणू नका.

आता वाघाचं. मेळघाट १९७३-७४ पासूनचा, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. पण हे डोंगर-दऱ्यांचं रान आहे, ताडोबासारखा वाघ इथे सहज दिसत नाही. लेकीला तसं आधीच सांगून ठेवा, नाहीतर परतताना तोंड फुगलेलं असेल. रानगवा, सांबर, भेकर यांचं बोला. आणि गाइडला रानपिंगळ्याबद्दल जरूर विचारा. हे छोटं घुबड नामशेष झालं असं धरून चालले होते. १८८४ नंतर थेट १९९७ साली ते पुन्हा सापडलं, तेही आपल्या खानदेशात, शहाद्याजवळ. मेळघाटातही ते आहे आणि दिवसा फिरतं, त्यामुळे सकाळच्या फेरीत नशीब काढता येतं. पट्टे-ठिपके नसलेलं, जवळजवळ एकरंगी डोकं ही त्याची खूण.

उघड्या जिप्सीत पहाटे थंडी अक्षरशः कापते. आई-बाबांना कानटोपी, शाल आणि पायमोजे हवेतच. पाठीचा त्रास असेल तर त्यांना एकच फेरी करू द्या, दुसऱ्या वेळी सिपनेच्या काठी आरामात बसतील.

एकच रात्र मिळत असेल तर मात्र मेळघाट सोडा आणि रावेर तालुक्यातलं पाल बघा. यावल अभयारण्य, सुकी धरण, घरापासून जवळ.

परतताना घटांगचा घाट उतरून परतवाडा, अंजनगाव, अकोट करत शेगाव गाठा. आई-बाबांना गजानन महाराजांचं दर्शन होईल आणि तिथून मलकापूर-मुक्ताईनगरने सरळ घर. गुरुवार तेवढा टाळा, रांग फार मोठी असते.