वाचकांचे प्रश्न: स्वभाव जनुकांत लिहिलेला असतो का?

प्रश्न: आठ वर्षांच्या मुलाच्या लाळेची डीएनए चाचणी करून घेतली. अहवालात ‘डीआरडी४ जनुकाचा ७-रिपीट प्रकार, मूल धाडसी व चंचल’ असं आहे. त्यावरून खेळ आणि क्लास ठरवावेत का? – एक पालक, नाशिक

उत्तर: नको. डीआरडी४ या जनुकात डीएनएच्या ४८ अक्षरांचा एक तुकडा पाठोपाठ येतो. बहुतेकांत तो ४ वेळा असतो, काहींत २ किंवा ७ वेळा. १९९६ साली दोन शोधनिबंधांनी ७ वेळांच्या प्रकाराचा संबंध नावीन्याच्या ओढीशी जोडला. एकात १२४ माणसं होती, दुसऱ्यात ३१५. पुढे अनेकांनी पडताळलं आणि एकत्रित हिशेबात हा संबंध टिकला नाही. एवढ्या थोड्या लोकांत योगायोगानेही फरक दिसतो. त्यात ‘सापडलं’ म्हणणारे निबंध छापले जातात, ‘सापडलं नाही’वाले कपाटात राहतात.

प्रयोगशाळेला एक प्रश्न जरूर विचारा: हा तुकडा मोजला कसा? स्वस्त चाचण्यांतली चिप डीएनएतले एकेका अक्षराचे बदल वाचते, तुकड्यांची संख्या मोजत नाही. त्यासाठी पीसीआर या पद्धतीने त्या भागाच्या भरपूर प्रती काढाव्या लागतात आणि त्याची लांबी पाहावी लागते (४ आणि ७ वेळांत १४४ अक्षरांचा फरक पडतो). पीसीआर केलेलंच नसेल, तर ‘७-रिपीट’ हा आजूबाजूच्या अक्षरांवरून बांधलेला अंदाज असू शकतो. मुलाला पोहायला आवडतं की बुद्धिबळ, हे दोन्हीकडे महिनाभर पाठवलंत तर जास्त खात्रीने कळेल, आणि कमी पैशांत.

प्रश्न: मग ‘खाण तशी माती’ खोटंच का? – एक वाचक, सांगली

उत्तर: खोटं नाही, पण त्याचा पुरावा वेगळ्या वाटेने मिळतो. मुलगा बापाच्या वळणावर गेला, यावरून काहीच सिद्ध होत नाही. बापाने जनुकं दिली आणि घरही दिलं. म्हणून संशोधक जुळ्यांकडे वळतात. एकबीज जुळ्यांचा डीएनए जवळजवळ सारखा असतो, द्विबीज जुळ्यांत आई-वडिलांकडून आलेला सुमारे निम्मा वारसा समान निघतो. समजा, बहिर्मुखतेच्या चाचणीत मिळालेल्या गुणांतला सहसंबंध (साम्याचं माप, १ म्हणजे पूर्ण साम्य) एकबीज जोड्यांत ०.४५ आणि द्विबीज जोड्यांत ०.२५ आला. फरक ०.२०; तो निम्म्याच वारशाचा, म्हणून त्याची दुप्पट ०.४०, म्हणजे आनुवंशिकता ४० टक्के. २०१५ साली बरेच अभ्यास एकत्र करून काढलेला स्वभावगुणांचा आकडाही साधारण एवढाच आहे.

एकबीज जुळ्यांना सगळे सारखं वागवतात, म्हणून हा आकडा फुगतो, अशी शंका रास्त आहे. त्यासाठीच मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार यांनी १९७९पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांना तपासलं. स्वभावाच्या चाचण्यांत त्यांच्यातलं साम्य एकत्र वाढलेल्यांइतकंच भरलं.

मात्र ४० टक्के म्हणजे ‘माझा ४० टक्के स्वभाव जनुकांमुळे’ नव्हे. त्या समूहातल्या माणसामाणसांतल्या फरकांपैकी तेवढा वाटा जनुकीय फरकांशी जोडता येतो, इतकंच. समूह बदलला, परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. चुकीच्या अर्थाने हा आकडा इतक्या वेळा छापला जातो की त्याखाली इशारा छापायला हवा.

हा वाटा एखाद्या ‘रागाच्या जनुका’त नसतो, तो डीएनएत हजारो ठिकाणी विखुरलेला असतो. चिंताळूपणावरच्या २०१८च्या अभ्यासात सुमारे साडेचार लाख लोकांचा डीएनए पाहिला, तेव्हा १३६ ठिकाणं हाती लागली. प्रत्येकाचा परिणाम अगदी किरकोळ. सर्वसामान्य आढळणारे बदल सगळे धरले तरी फरकांचा जेमतेम दहावा भाग उलगडतो. शिवाय ती माणसं युरोपीय वंशाची होती. अशा ठिकाणांची बेरीज करून स्वभावाचा अंदाज बांधणारं, त्यांच्यावरून बेतलेलं गुणांकन आपल्याकडच्या माणसाला लावलं तर अंदाज आणखी कच्चा होतो. ‘भारतीयांसाठी खास’ अहवाल विकणाऱ्याला म्हणूनच विचारावं: तुमचे आकडे कोणत्या देशातल्या, किती लोकांवरून काढलेत?

प्रश्न: दोन मुली, एकच घर, एकच शाळा, तरी स्वभाव दोन टोकांचे. असं कसं? – एक आई, पुणे

उत्तर: सख्ख्या बहिणींतही जनुकांचा सुमारे निम्माच वारसा समान असतो. आणि जुळ्यांच्या अभ्यासांत घराचा समान वाटा, निदान मोठेपणी, फारच कमी निघतो. उरलेला वाटा प्रत्येकीच्या वेगळ्या अनुभवांच्या खाती जातो: मैत्रिणी, आजारपण, शिक्षक, निव्वळ योगायोग. त्याच खात्यात प्रश्नावलीची चूकही बसते, कारण तीच प्रश्नावली पंधरा दिवसांनी पुन्हा भरली तर उत्तरं थोडी हलतात.