जुन्या गाड्यांचे नवे अवतार: वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरे

टाटा मोटर्सने नोव्हेंबर २०२५ मध्ये 'सिएरा' हे जुने नाव नव्या गाडीला देऊन बाजारात आणले, तेव्हापासून या सदराकडे एकाच विषयावरची पत्रे येत आहेत. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न: वाहन कंपन्यांनी आपल्या जुन्या, लोकप्रिय गाड्या आधुनिक यंत्रणेसह, पण जुन्याच रूपात पुन्हा आणाव्यात का? आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती. तिच्यातून आम्ही सहकुटुंब तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर केले. तशी गाडी आज कोणी काढली, तर माझ्यासारखे पुष्कळ लोक ती घेतील असे मला वाटते. माझा मुलगा मात्र म्हणतो की हा केवळ आठवणींचा व्यापार आहे. आपले मत काय? (एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर)

उत्तर: जरूर आणाव्यात, असे आमचे मत आहे. मात्र जुन्या गाडीचा चेहरा परत आणणे वेगळे आणि ज्या गुणासाठी लोकांनी ती गाडी आपली मानली तो गुण परत आणणे वेगळे. दुसरे साधले नसेल, तर पहिल्याला फारसा अर्थ उरत नाही. सोलापूरकरांना हे आपल्या चादरीवरून लगेच पटेल. जकार्ड मागावर विणलेल्या चादरीची नक्षी उभ्या-आडव्या धाग्यांतच असते, म्हणून ती दोन्ही बाजूंनी दिसते आणि कितीही धुतली तरी जात नाही. छापील चादरीची नक्षी एकाच अंगाला असते आणि काही धुण्यांत फिकी पडते. गाडीचे जुने रूप तिच्या रचनेत विणलेले आहे की नुसते पत्र्यावर छापलेले आहे, एवढे पाहिले की प्रत्येक नव्या अवताराची पारख करता येते.

ब्रिटनमधील 'मिनी'चे उदाहरण घ्या. १९५६ च्या सुएझ संघर्षामुळे तेथे पेट्रोलची टंचाई झाली आणि त्यातून थोड्या इंधनात चार माणसे नेणाऱ्या लहान गाडीची गरज निर्माण झाली. अभियंते अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले, चाके अगदी चार कोपऱ्यांत नेली आणि जेमतेम तीन मीटर लांबीच्या गाडीत सुमारे ऐंशी टक्के जागा माणसांना व सामानाला मिळवून दिली. १९५९ मध्ये आलेल्या त्या गाडीचे गोंडस रूप हा या काटकसरीचा परिणाम होता. रूप आधी ठरवून गाडी नंतर बेतलेली नव्हती. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये नवी मिनी आणली, ती चालवायला उत्तम होती आणि भरपूर विकलीही गेली. परंतु तिची लांबी ३.६ मीटरवर गेली, मागच्या आसनावर पाय ठेवायची पंचाईत झाली आणि किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर राहिली. धंदा म्हणून तो प्रयोग यशस्वी झाला यात शंका नाही, पण इसिगोनिस यांनी सोडवलेला प्रश्न त्या गाडीने पुन्हा सोडवला असे म्हणता येणार नाही.

फोक्सवॅगन 'बीटल'बाबत हे अंतर आणखी ठळक दिसते. मूळ बीटलचे इंजिन मागे होते आणि ते हवेने थंड होत असे, त्यामुळे पुढचे बॉनेट उतरते आणि सामान पुढे, अशी तिची ठेवण होती. मेक्सिकोतील पुएब्ला येथे २००३ मध्ये तिचे उत्पादन थांबले, तोवर दोन कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. १९९७ पासून तयार होऊ लागलेली 'न्यू बीटल' मात्र त्याच कंपनीच्या गोल्फ या गाडीच्या सांगाड्यावर, पुढे इंजिन ठेवून बांधलेली होती. कमानदार छताची ओळख जपायची म्हणून मागच्या प्रवाशांच्या डोक्यावरची जागा कमी झाली. ज्या छतामागे एकेकाळी कारण होते, ते येथे शोभेपुरते उरले आणि त्याची किंमत मागे बसणाऱ्याने मोजली. २०१९ मध्ये ही मालिकाही संपली. फियाटची '५००' ही १९५७ ची इटलीतील गरिबांची गाडी होती. तिचा २००७ चा अवतार युरोपात गाजला, पण २००८ मध्ये आयात होऊन भारतात आला तेव्हा त्याची किंमत सुमारे पंधरा लाख होती. त्या पैशात येथे मोठी सेडान येत असे, त्यामुळे तो आपल्याकडे चालला नाही याचे आश्चर्य वाटायला नको.

आपल्या देशातील उदाहरणे अधिक बोलकी आहेत. १९९८ ची टाटा 'सफारी' वाईट रस्त्यांवर चालणारी, मागच्या चाकांना जोर देणारी आणि चारही चाकांना जोर देण्याचा पर्याय असलेली गाडी होती. २०२१ मध्ये तेच नाव टाटाच्याच 'हॅरियर' या गाडीच्या लांबवलेल्या रूपाला दिले गेले आणि ती गाडी केवळ पुढच्या चाकांवर चालणारी निघाली. ती प्रशस्त आहे, २०२३ मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात चाचणीत तिने पाच तारे मिळवले, म्हणून तिला वाईट म्हणणे अन्यायाचे होईल. पण जुन्या सफारीचा मालक ज्या गुणासाठी ते नाव घेत असे, तो गुण तिच्यात नाही. याउलट महिंद्राची २०२० ची 'थार' पाहा. जुन्या जीपची उभी काच, गोल दिवे आणि सपाट मडगार्ड तिने ठेवले, त्याचबरोबर स्वतंत्र चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि चारही चाकांना जोर देणारी यंत्रणाही ठेवली, आणि एवढे करून ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळवले. रूप आणि काम एकत्र राहिले, म्हणून तिला आम्ही विणलेली नक्षी म्हणतो.

नवी सिएरा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. १९९१ च्या मूळ सिएराला तीनच दरवाजे होते आणि मागे छतापर्यंत वळलेल्या मोठ्या काचा होत्या, ज्या उघडत नसत. दिसायला ती ऐट अपूर्व होती, पण सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत त्या बंद काचेमागे बसण्याची कल्पना करून पाहावी. नव्या गाडीला पाच दरवाजे आहेत, मागच्या काचा खाली होतात आणि जुन्या वळणदार काचेचा भास काळ्या रंगाच्या पट्ट्याने निर्माण केला आहे. काही रसिकांना हा पट्टा खोटेपणा वाटतो. आम्हाला तो योग्य निर्णय वाटतो, कारण जुन्या गाडीतील गैरसोयही श्रद्धेने जपावी असे कोणतेही बंधन असू नये.

आता आपल्या पद्मिनीविषयी. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये आपल्याच सोलापुरात झाला होता, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. १९४४ मध्ये त्यांनी कंपनी स्थापन केली, तेव्हा देशात मोटार बनवणे हे धाडस होते. फियाटच्या '११००' या गाडीवरून आलेल्या पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे होते, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर होता, त्यामुळे पुढच्या अखंड बाकावर तिघे बसत. आज पद्मिनी पुन्हा काढायची तर तिच्या काटकोनी पत्र्यापेक्षा हे गुण आधी परत आणावे लागतील: उघडून पाहता येईल असे साधे यंत्र, आतली मोकळी जागा आणि मध्यमवर्गीय नोकरदाराला परवडणारी किंमत. एखाद्या कंपनीने तसे केले, तर आपल्या चिरंजीवांच्या आक्षेपाला आधार उरणार नाही. आठवणींचा व्यापार होतो हे खरे आहे, आणि त्यात मुळातच काही गैर आहे असे आम्ही मानत नाही. ग्राहकाकडून आठवणींचे पैसे घेऊन त्याला दुसऱ्याच गाडीचा सांगाडा दिला जातो, तेव्हा मात्र चिरंजीवांचे म्हणणे बरोबर ठरते.

प्रश्न: जुनी गाडी जशीच्या तशी पुन्हा का बनवत नाहीत? साचे आणि नकाशे तर कंपनीकडे असतीलच. (यंत्र अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर: कारण ती आज नोंदवताच येणार नाही. समोरून व बाजूने होणाऱ्या धडकेच्या चाचण्या, एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा), तसेच १ एप्रिल २०२० पासून लागू असलेले बीएस-सहा प्रदूषण निकष हे सर्व जुन्या रचनेच्या आवाक्याबाहेरचे आहे. जुन्या गाड्यांच्या काचेलगतचे खांब बारीक असत आणि त्यामुळे बाहेरचे सुंदर दिसे, पण गाडी उलटली तर तेच खांब दबत. पादचाऱ्याच्या सुरक्षेसाठी बॉनेट आणि इंजिन यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवावी लागते, म्हणून आजच्या गाड्यांची नाके उंच झाली आहेत आणि क्रोमचा उघडा, कडक बंपर गेला आहे. आपण अभियांत्रिकी शिकत आहात, म्हणून एक उदाहरण सुचवतो. रेनॉने २०२४ मध्ये १९७२ च्या 'रेनॉ ५'चा विजेवर चालणारा अवतार आणला. मूळ गाडीच्या बॉनेटवर एका बाजूला हवेची जाळी असे. नव्या गाडीत त्याच जागी बॅटरी किती भरली आहे हे दाखवणारे दिवे बसवले आहेत. जुन्या खुणेला नवे काम दिले गेले. ही गाडी २०२५ ची युरोपीय 'कार ऑफ द इयर' ठरली. होंडाची 'ई' ही विजेची गाडीही अशीच जुन्या वळणाची आणि देखणी होती, पण बॅटरी लहान आणि किंमत मोठी असल्यामुळे ती काही वर्षांतच बंद करावी लागली. दोन्ही गाड्यांचा शेजारी शेजारी अभ्यास करावा.

प्रश्न: मी अनेक वर्षे गॅरेज चालवतो. जुन्या धाटणीच्या नव्या गाड्या दिसायला सोप्या, पण हात घातला की काहीच करता येत नाही, असा अनुभव येत आहे. याबद्दल कोणी का बोलत नाही? (एक गॅरेजमालक, अक्कलकोट रोड)

उत्तर: आपण या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मांडला आहे. जुन्या गाड्यांचा गोल दिवा बहुधा सात इंचांचा ठरीव मापाचा असे, फुटला तर नवी पेठेतल्या दुकानातून आणून अर्ध्या तासात बसवता येई. आजच्या गाडीचा दिवाही गोल दिसतो, पण तो एलईडीचा बंद संच असतो आणि त्यातला एक भाग गेला तरी बहुधा संपूर्ण संच बदलावा लागतो. जुनेपणाची खूण उचलली, पण त्या खुणेमागची सोय सोडून दिली, असे येथे झाले आहे. जुने नाव वापरणाऱ्या कंपनीने त्या नावाबरोबर येणारी अपेक्षाही स्वीकारली पाहिजे. सुटे भाग किती वर्षे मिळतील हे लेखी जाहीर करावे आणि दुरुस्तीची माहितीपुस्तिका बाहेरच्या कारागिरांना द्यावी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाचे पोर्टल सुरू केले असून त्यात वाहन क्षेत्राचा समावेश आहे, परंतु पोर्टलवर माहिती टाकणे आणि कायद्याने सक्ती असणे यांत अंतर आहे. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला सेवा केंद्र जवळ असते. बार्शी, करमाळा किंवा मंगळवेढ्याच्या ग्राहकाला आपल्यासारख्या कारागिराशिवाय पर्याय नसतो, आणि 'ती जुनी गाडी कुठेही दुरुस्त व्हायची' हे वाक्य ज्या कौतुकाने बोलले जाते, त्यामागे अशा कारागिरांचेच श्रम आहेत.

दुचाकींचेही तेच आहे. 'चेतक' २०२० मध्ये विजेवर परत आली आणि पत्र्याचे अंग ठेवल्यामुळे तिची ओळख टिकली, परंतु तिरकी करून किक मारली की सुरू होणाऱ्या जुन्या चेतकचे यंत्र जसे चौकातला कोणीही खोलू शके, तसे हिचे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेली विजेची 'लुना' आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते. पुढे सामान ठेवायची सपाट जागा, काढता येणारे मागचे आसन, मोठी चाके आणि सुरुवातीला सत्तर हजारांच्या आत असलेली किंमत, म्हणजे दूधवाला, किराणा दुकानदार आणि टॉवेलचे गठ्ठे पोहोचवणारा आपला यंत्रमागधारक ज्या कामासाठी लुना घेत असे, तेच काम तिने डोळ्यांसमोर ठेवले आहे.

प्रश्न: वडिलांनी १९७५ मध्ये नवी घेतलेली पद्मिनी अजून चालू स्थितीत आहे. ती विकून जुन्या धाटणीची नवी गाडी घ्यावी, की हिलाच विजेची मोटर बसवून रोज वापरावी? (एक वाचक, मुरारजी पेठ)

उत्तर: आमचा सल्ला असा की यांपैकी काहीच घाईने करू नये. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेले आणि मूळ स्थितीत असलेले खासगी वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आपली गाडी वयाच्या या अटीत बसते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षांसाठी असते, पुनर्नोंदणीला पाच हजार रुपये लागतात आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल किंवा इंधन भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या अथवा व्यावसायिक वापराला परवानगी नाही. चासी, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला असेल, तर हा दर्जा मिळत नाही, म्हणजेच विजेची मोटर बसवली की ही वाट बंद झाली असे समजावे. रोज वापरायचीच असेल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावयाचे नोंदणीचे नूतनीकरण चालू ठेवावे, मोटर बसवायची असल्यास मान्यताप्राप्त संचच निवडावा आणि बदलाची नोंद आरटीओत करून घ्यावी. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. चालू स्थितीतल्या पद्मिनी दिवसेंदिवस कमी होत आहेत, म्हणून आपण ती विकू नये आणि तिच्या यंत्राला हात लावण्यापूर्वी मूळ नोंदणीपुस्तक, खरेदीची पावती व इंजिन क्रमांक जुळतात का, हे आधी तपासून घ्यावे.