दुकान टाकतेयस तर आधी हे वाच

प्रिय बेटा,

परवा तू माझ्या वाद्यांच्या दुकानात आलीस तेव्हा गिऱ्हाईक होतं, नीट बोलणं झालंच नाही, म्हणून रात्री बसून हे मोबाईलवर टाईप करतोय, शुद्धलेखनाकडे बघू नको. तू नाशिकच्या अंबडमधली नोकरी सोडून मैत्रिणीसोबत साउंड सिस्टीम भाड्याने द्यायची आणि वरच्या खोलीत संगीताचे क्लास घ्यायचे असं ठरवलंयस, मला मनापासून आनंद झाला. जाता जाता तू विचारलंस की काका, कोरोना आला तेव्हा तुमचं काय झालं होतं, तसं परत काही आलं तर आमचं काय. तू तेव्हा दहावीत होतीस ना, भूगोलाचा पेपर रद्द झाला म्हणून तुम्ही सगळी पोरं खुश होतात, गल्लीत ओरडत फिरत होतात, मला आठवतंय.

तर ऐक. २१ मार्च २०२०, शनिवार. बुधवारी गुढीपाडवा होता आणि गंगापूर रोडच्या एका सोसायटीत पाडवा पहाटचा गाण्याचा कार्यक्रम होता आपला. मी दुकानात खाली बसून डग्ग्याला, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या मोठ्याला, नवी पुडी म्हणजे वरचं चामडं चढवत होतो, ते ताणून धरणारी वादी अर्धी ओढून झाली होती, आणि फोन आला. आयोजक म्हणाले, काका सध्या पुढे ढकलूया, महिनाभरात बघू. मी बरं म्हटलं आणि वादी ओढत राहिलो. दुसऱ्या दिवशी रविवारी जनता कर्फ्यू, संध्याकाळी पाच वाजता सगळी कॉलनी थाळ्या वाजवत होती, मी गॅलरीत उभा राहून झांजा वाजवल्या, आणि खरं सांगतो, मला वाटलं झालं, एवढंच असेल. मंगळवारी रात्री आठला एकवीस दिवसांचं लॉकडाऊन जाहीर झालं. बुधवारी पाडव्याला घरोघरी गुढ्या उभ्या राहिल्या पण कित्येक घरांत साखरेचे हार-कडे नव्हते, झेंडू नव्हता, कारण सराफ बाजाराकडचे फुलवाले आणि आदल्या दिवशी रविवार कारंजा चौकात हार-कडे घेऊन बसणारी माणसं दोघांचाही माल घरातच राहिला होता. त्या लोकांचा वर्षातला तो एक दिवस असतो गं, गाठी काय वैशाखात विकायच्या?

आणि तो 'पुढे ढकलूया' शब्द, त्याने जेवढं नुकसान केलं तेवढं 'रद्द' या शब्दाने केलं नसतं. माझ्या तारखांच्या वहीत मी प्रत्येक कार्यक्रमापुढे बाण काढत गेलो. आधी १४ एप्रिलच्या पुढे, मग ३ मेच्या पुढे, मग १७, मग ३१ मे. बाण खोडून खोडून कागदाला भोक पडलं. दोन एप्रिलची रामनवमी गेली, पंचवटीत एरवी पाय ठेवायला जागा नसते, त्या वर्षी काळारामाचं दार भक्तांना बंद. अक्षय्य तृतीया गेली. दर वेळी वाटायचं की आता फक्त पंधरा दिवस कळ काढायची, आणि माणूस पंधरा दिवसांची कळ काढतो तेव्हा मोठा निर्णय घेत नाही, भाड्याच्या जागेच्या मालकाशी बोलत नाही, खर्च कापत नाही. उद्या असं काही झालं तर पहिल्या आठवड्यातच सहा महिन्यांचा हिशोब मांड. लवकर उघडलं तर चांगलंच की.

आता सुपारीचं, म्हणजे कार्यक्रम ठरवताना आगाऊ घेतलेल्या पैशांचं. हे मला नीट सांगायचंय कारण यात मी चुकलो. माझ्याकडे तेव्हा एप्रिल-मे मिळून नऊ तारखा होत्या, त्यातली सहा लग्नं, आणि सगळ्यांचा विसार, म्हणजे ती आगाऊ रक्कम, घेतलेला, मिळून बेचाळीस हजार. ते पैसे कुठे होते? अर्धे वादकांना ॲडव्हान्स दिलेले, अर्ध्यात फेब्रुवारीत नवा मिक्सर घेतलेला. म्हणजे हातात काहीच नाही. लोकांचे फोन यायला लागले आणि मी चार दिवस फोन बंद ठेवला. चार दिवस. तुझी काकू शेवटी म्हणाली, अहो पैसे नाहीत तर नाहीत म्हणून सांगा, पण फोन तरी उचला. मग एका दुपारी बसून मी स्वतःच नऊच्या नऊ लोकांना फोन लावले. पाच जण म्हणाले राहू द्या, तारीख लागली की बघू. ओझरकडचे एक द्राक्ष बागायतदार होते, मुलीचं लग्न होतं, ते म्हणाले, भाऊ, व्यापाऱ्याने माल तोडायचं अर्ध्यात सोडलं, उरलेल्याचे बेदाणे करायला टाकलेत, मला माझे पैसे पाहिजेत. त्यांना मी तीन हप्त्यांत दिले. आणि एक जण असे होते ज्यांचे फोन मी त्या चार दिवसांत सगळ्यात जास्त वेळा चुकवले होते, ते नंतर एकच वाक्य बोलले, तुम्ही निदान सांगायचं तरी. पैसे दिले मी त्यांचे, सगळे दिले, पण ते परत कधी आपल्याकडे आले नाहीत आणि मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही.

म्हणून सांगतो, विसार आला की तो तारीख पार पडेपर्यंत तुझा नसतो. बँकेत वेगळं खातं काढ, त्याला हातच लावायचा नाही. वादकांना ॲडव्हान्स द्यायचा असेल तर तो तुझ्या स्वतःच्या पैशातून. आणि पावतीवर एक ओळ लिहून घे, सरकारी बंदीमुळे कार्यक्रम झाला नाही तर किती परत, किती दिवसांत. मी एका हॉलला डिपॉझिट भरलं होतं, तोंडी बोलण्यावर, ते आजपर्यंत आलेलं नाही. कागद असता तर भांडता तरी आलं असतं.

त्या बागायतदाराची गोष्ट मी मुद्दाम सांगितली. आपल्या नाशकात द्राक्षाचे पैसे हातात आले की लग्नं निघतात, लग्नं निघाली की मांडववाला, केटरर, बँड, साउंड, फोटोवाला, घोडीवाला सगळ्यांच्या घरात पैसा येतो. आपण त्या रांगेत सगळ्यात शेवटी उभे असतो, त्यामुळे वरती पाणी आटलं की आपल्याला ते आधी कळायला पाहिजे. तू नुसत्या लग्नांवर साउंड चालवू नकोस. शाळांची गॅदरिंग, कंपन्यांचे कार्यक्रम, सप्ते, आणि क्लासची महिन्याची फी, अशी चार तोंडं ठेव. पुढे मे-जूनमध्ये पन्नास माणसांत लग्नं व्हायला लागली तेव्हा मांडववाल्याला थोडं काम मिळालं, आपल्याला नाही, कारण पन्नास माणसांना बँड कोण लावतो.

एप्रिलच्या मध्यातली एक संध्याकाळ मी विसरू शकत नाही. दूध आणायला खाली उतरलो होतो तर जिन्यात एक माणूस बसलेला, तोंडाला रुमाल बांधून, मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. बँडबरोबर वीस-बावीस वर्षं ढोलकी वाजवणारा माणूस, मी त्याला चांगला ओळखतो. चादर उघडली तर ढोलकी, शाईच्या, म्हणजे काळ्या लेपाच्या, बाजूची पुडी नवीकोरी, सीझनसाठी फेब्रुवारीत माझ्याकडूनच चढवून नेली होती. म्हणाला, काय येतील ते द्या. त्याने बोटांनी ती शाई एकदा पुसली, वाजवली नाही, नुसती पुसली. मी त्याला तीन हजार दिले आणि म्हटलं ढोलकी विकत घेत नाही, सांभाळायला ठेवतो, पैसे जमतील तेव्हा दे. त्याला ते पटायला वेळ लागला. पुढच्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर आला आणि घेऊन गेला.

सगळ्यांचं असं झालं नाही. एक कीबोर्डवाला होता, त्याने पहिल्याच महिन्यात ऑनलाइन जाहिरात टाकून कीबोर्ड विकला, पण तेव्हा सगळेच विकत होते, आलेली किंमत घेतली निम्म्याच्याही खाली. काम सुरू झालं तेव्हा त्याच्याकडे वाद्यच नव्हतं. म्हणून वेळ आलीच तर आधी लाईट विक, स्टँड विक, दुसरी स्पीकरची जोडी विक, तुझा ताशा आणि जे वाजवून तू पोट भरतेस ते सगळ्यात शेवटी. आणि तुझ्याकडे कोणी असं चादरीत गुंडाळून घेऊन आलं तर त्याची अडचण बघून भाव पाडू नकोस.

दुकान बंद पडतं तेव्हा सामान पण आजारी पडतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. जूनमध्ये एक दिवस रस्त्याची ही बाजू, दुसऱ्या दिवशी ती बाजू, अशी दुकानं उघडायला मिळाली. शटर वर केलं तर आत ओल्या चामड्याचा वास. एका हार्मोनियमचा भाता उंदराने कुरतडलेला, तबल्याच्या पुड्यांवर बुरशीचे काळे ठिपके, पेटीचे दोन सूर, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पट्ट्या, गंजून मुके झालेले. ते पालिताण्याचे जुने सूर होते, तसे आता मिळायला मुश्कील. तेव्हा बंद होणार अशी नुसती कुणकुण लागली तरी पहिल्या दिवशी चामड्याचं आणि लाकडाचं सगळं घरी आण. पुड्या थोड्या उतरवून ठेवायच्या, ताण ठेवायचा नाही. पेटीचा भाता तीन-चार दिवसांनी एकदा हलवायचा, सगळे सूर एकदा वाजवायचे. अँप्लिफायर आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवायचा म्हणजे दमट हवा आत बसत नाही. डांबराच्या गोळ्या पेटीत टाक पण पुडीला टेकवू नको. हे काम पावसाळ्यात असंही करावंच लागतं, आत्तापासून सवय लाव.

क्लासचं सांगतो. ऑनलाइन शिकवायला सगळ्यांनी सुरुवात केली आणि पहिल्या आठवड्यात सगळे वैतागले, कारण तानपुरा लावला की व्हिडिओ कॉल त्याला पंख्याचा आवाज समजून कापून टाकायचा. ओरिजिनल साउंडचं सेटिंग चालू करायचं असतं हे कळायला मला दोन आठवडे गेले. आणि समोरासमोर साथ ऑनलाइन होतच नाही, आवाज पोचायला थोडा उशीर होतो, तेवढ्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, निघून जाते. मग आम्ही असं करायचो, मी पेटी आणि ठेका-मशीन एकत्र रेकॉर्ड करायचो, शिष्य त्यावर आपलं गाणं किंवा तबला भरून परत पाठवायचा. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर दाबून दाबून आवाजाचा चोथा होतो. पण मुख्य सांगायचं ते हे की ज्यांनी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पालकांना फोन करून अर्ध्या फीमध्ये का होईना क्लास चालू ठेवला त्यांची पोरं टिकली, आणि ज्यांनी उघडल्यावर बघू म्हटलं त्यांच्याकडे निम्मी पण परत आली नाहीत.

सरकारी योजनांवर फार विसंबू नको, पण कागद तयार ठेव. त्या मार्चच्या शेवटी रिझर्व्ह बँकेने हप्ते तीन महिने थांबवायची सवलत दिली, पुढे ती ऑगस्टपर्यंत वाढली, पण व्याज चालूच राहिलं, माझ्या ओळखीच्या दोघांना वाटलं हप्ते माफ झाले. मे महिन्यात छोट्या उद्योगांसाठी तारणाशिवाय कर्ज आलं, पण ते ज्यांचं आधीपासून कर्ज होतं त्यांनाच, जुन्या बाकीच्या वीस टक्के. मी कधी कर्ज काढलंच नव्हतं त्यामुळे मी त्यात बसलो नाही. जूनमध्ये फेरीवाल्यांना दहा हजारांचं कर्ज आलं, वाजवणारा माणूस काही फेरीवाला नाही. कलाकारांसाठी राज्य सरकारची एकरकमी पाच हजारांची मदत २०२१ मध्ये जाहीर झाली, तिथे कलाकार असल्याचा पुरावा मागितला आणि आपल्यातल्या कित्येकांकडे वीस वर्षांच्या कामाचा एक कागद नव्हता, सगळं रोखीत, सगळं पाकिटात. तू पहिल्या दिवसापासून उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, कर, फुकट होते, घरबसल्या होते. प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका, फोटो, पावती एका फाईलमध्ये. तुझ्याबरोबर येणाऱ्या पोरांना पैसे खात्यावर टाक, म्हणजे त्यांच्याकडेही नोंद राहील.

ढोलाचं तर तुला माहीतच आहे. २०२० मध्ये २२ ऑगस्टला गणपती बसले, मिरवणुका बंद, सार्वजनिक मूर्ती चार फुटांच्या आत. ज्या नाशिक ढोलाला बाहेरगावाहून बोलावणी येतात ते ढोल आपल्याच गावात गोदामात पडून. तुझ्या ढोल-ताशा पथकातली मोठी मुलं तेव्हा पथकाच्या पैशातून किराण्याच्या पिशव्या भरून वाजंत्री लोकांच्या घरी देत होती, ते तू कधीतरी त्यांना विचार, ते स्वतःहून सांगणार नाहीत. त्यांच्याकडे वादकांच्या नावांची, पत्त्यांची यादी होती म्हणून ते जमलं. तू पण अशी यादी कर, घरात किती माणसं, औषधपाणी काय चालू आहे, भाड्याच्या घरात आहे की स्वतःच्या.

काही विसरलो असेन. रविवारी गंगेवरून, म्हणजे गोदाकाठावरून, येतो, अकराला दुकान उघडतो, ये. ताशा घेऊन ये, मागच्या वेळी त्याची कडी सैल वाटली मला, आणि तुझ्या त्या जागेचा करार सही करायच्या आधी मला दाखव, बंदी आली तर भाड्याचं काय, ते त्यात लिहिलंय का बघायचंय.

तुझा,
काका