आधी इकारस शोध

चित्रं बघायला शिकतोयस, तर सुरुवातीला दहा चित्रांमागे धावू नकोस. एकच घे आणि त्याच्यापाशी अर्धा तास काढ. मी सुचवेन ब्रसेल्सच्या रॉयल म्युझियममधलं इकारसच्या पतनाचं चित्र. इकारस म्हणजे ग्रीक कथेतला तो मुलगा, जो बापाने मेणाने जोडलेले पंख लावून उडाला, सूर्याच्या फार जवळ गेला आणि मेण वितळून समुद्रात पडला. सोळाव्या शतकातल्या ब्रूगेल या चित्रकाराचं म्हणून ते ओळखलं जातं. आता बरेच जाणकार त्याला मूळ चित्राची जुनी नक्कल मानतात, पण त्यामुळे बघण्यात काही बिघडत नाही. घरी बघणार असशील तर मोठ्या स्क्रीनवर बघ, मोबाइलवर नको.

नांगरणारा शेतकरी लगेच दिसेल. मग मेंढपाळ, गळ टाकून बसलेला माणूस. आणि इकारस? उजवीकडे खाली, जहाजापाशी, पाण्याबाहेर नुसते पाय.

आता रोमन कवी ओव्हिडच्या 'मेटामॉर्फसिस' या काव्याचा आठवा भाग काढ, ही कथा त्यात आहे. तिथे हेच तिघे वर बघून थक्क होतात, उडणारे बापलेक त्यांना देव वाटतात. चित्रात कुणाला पत्ताच नाही! मेंढपाळ वर बघतोय, तोही भलतीकडे. खरी गंमत कथा आणि चित्र यांच्यातल्या या फटीत असते.

गळवाल्याजवळच्या फांदीवर एक तितर बसलाय. मला तो पहिल्या खेपेस दिसलाच नव्हता. इकारसच्या बापाने, डेडलसने, हेव्यापोटी आपल्या भाच्याला गडावरून ढकललं. मिनर्वा देवीने त्याला वरच्या वर झेलून तितर केलं. डेडलस मुलाला पुरत असताना हा पक्षी पंख फडफडवून आनंदाने ओरडला, असं ओव्हिड सांगतो.

जाता जाता सूर्य बघ. तो तर क्षितिजाला टेकलाय. मग मेण वितळलं कसं?