हे स्वप्न आहे, हे स्वप्नातच कळावे म्हणून

प्रश्न : डोळे मिटले की आजोळचा वाडा मला कडी-कोयंड्यांसकट दिसतो. इतकी जिवंत कल्पनाशक्ती असल्यामुळे ल्युसिड ड्रीमिंग, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ते स्वप्न असल्याचे कळणे, मला सोपे जाईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : त्या शक्तीची मदत होऊ शकते, पण आपल्याला वाटते त्या वाटेने नव्हे. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ या न्यायाने वाडा स्वप्नात येईलही. मात्र वाडा दिसणे वेगळे आणि तो स्वप्नातला आहे हे उमगणे वेगळे. रेम झोपेत, म्हणजे मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात त्या टप्प्यात, दृश्ये उभी करायला मेंदूला आपली मदत लागत नाही. त्या वेळी मंदावलेली असते ती चिकित्सा. म्हणून वारलेले आजोबा ओसरीवर सुपारी कातरताना दिसले, तरी त्यात काही वावगे वाटत नाही.

कल्पनाशक्ती उपयोगी पडते ती तालमीसाठी. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात या विषयावर संशोधन केलेल्या स्टीफन लाबर्ज यांच्या पद्धतीत, स्वप्नातून जाग आली की ते स्वप्न नीट आठवायचे, त्यातली एखादी विसंगती हेरायची (समजा, आजोबांचे तिथे असणे), आणि आपण त्याच स्वप्नात परतलो असून नेमक्या त्या क्षणी ‘हे स्वप्न आहे’ असे ओळखतो आहोत, हे चित्र मनात रंगवत, पुढच्या स्वप्नात हे आठवण्याचा संकल्प करत झोपी जायचे. वाटेत औषधाचे दुकान दिसले की गोळ्या घ्यायच्या, असे आपण मनाशी पक्के करतो, तसेच हे आहे. सुपारीचा अडकित्ता जितका स्पष्ट दिसेल, तितकी ही खूणगाठ घट्ट बसेल, असे मला वाटते. यासाठी पहाटेची वेळ चांगली, कारण रात्र सरते तसे रेम झोपेचे टप्पे लांबत जातात.

स्वप्नातले हे भान म्हणजे जागेपणीच्या कल्पनेचा खेळ असावा, अशी शंका पूर्वी अनेक संशोधकांना होती. पण १९७५ मध्ये इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात झोपलेल्या व्यक्तीने, रेम झोप चालू असताना, आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून खूण केली आणि ती यंत्रावर उमटली.

आपण सुरुवात उशाशी वही ठेवण्यापासून करावी, कारण जे स्वप्न आठवतच नाही त्याची तालीम करता येत नाही. झोपमोड होऊन दिवसा थकवा जाणवू लागला तर काही दिवस थांबावे. जागेपणीही भास होत असतील, तर मात्र मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करू नये.