पुरलेली पाइपलाइन अजून किती वर्षं काढेल?

प्रश्न : आमची जमिनीत पुरलेली स्टीलची पाइपलाइन आहे, जाडी ८ मिमी, टाकून १० वर्षं झाली. एका जागी खणून बघितलं तर गंजाचा खड्डा २ मिमी खोल निघाला. म्हणजे वर्षाला ०.२, उरले ६ मिमी, म्हणजे अजून ३० वर्षं बघायला नको. बरोबर ना?

उत्तर : भागाकार बरोबर आहे पण त्या ३० च्या भरवशावर राहू नका, अगदी मनापासून सांगतोय. एक तर भोक पडेपर्यंत थांबायचंच नसतं. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेच्या बी३१जी मध्ये, म्हणजे गंजलेल्या पाइपच्या नियमावलीत, खड्डा जाडीच्या ८० टक्क्यांपुढे गेला की विषय संपला, दुरुस्ती नाहीतर बदली. ८ मिमीचे ८० टक्के ६.४, म्हणजे हातात ६ नाही, ४.४ मिमीच आहेत. आणि खड्डा लांबट असेल, प्रेशर जास्त असेल तर त्याच्याही आधी थांबावं लागतं, नुसती खोली बघून चालत नाही.

म्हणजे ३० चे २२ झाले. पण खरी गोम पुढे आहे, गंज पहिल्या दिवसापासून लागला हे तुम्ही धरूनच चाललात. समजा पाइपवरचा संरक्षक लेप, म्हणजे कोटिंग, ६ वर्षं नीट होतं आणि मग सुटलं, तर तेच २ मिमी ४ वर्षांत गेले, वेग ०.५ झाला, आणि उरलेल्या ४.४ ला ९ वर्षंही लागणार नाहीत! उलटंही होतं बरं का. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने १९२२ पासून तऱ्हेतऱ्हेच्या मातीत पाइपचे तुकडे पुरून, वर्षांनी काढून मोजले, त्यात दिसलं की खड्डा सुरुवातीला भराभर वाढतो आणि मग बऱ्याचदा मंदावतो, हवा खेळती असलेल्या मातीत जास्त, चिकट पाणथळ मातीत कमी. खोली वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते असं धरलं तर तुमच्याच खड्ड्याला अजून ९२ वर्षं मिळतात. खड्डा एकच आणि उत्तरं ९, २२, ९२. म्हणून एकच आकडा कोणी छातीठोक सांगितला तर आधी विचारा की काय काय धरलंय.

शिवाय तुम्ही बघितलेला खड्डा सगळ्यात खोल कशावरून? जितकी जास्त लांबी तपासाल तितका जास्त खोल खड्डा सापडतो, म्हणून चार-सहा जागी खणून प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात खोल खड्डा घेतात आणि गुंबेल वितरणाने (सगळ्यात मोठ्या आकड्यांसाठीची संख्याशास्त्रातली पद्धत) पूर्ण लाइनचा अंदाज बांधतात, सरासरी इथे काही कामाची नाही कारण गळती सरासरीतून होत नाही, एका खड्ड्यातून होते. खणाल तेव्हा पाइपच्या पोटाखाली हात घालून बघा, खालची माती ओली आणि हवा कमी, बरेचदा तिथेच जास्त खाल्लेलं असतं. वायर ब्रशने घासताना काळा थर निघाला आणि सडक्या अंड्यांचा वास आला तर सल्फेटवर जगणाऱ्या, गंज वाढवणाऱ्या बॅक्टेरियाचा संशय घ्या.

प्रश्न : दरवर्षी पिग (पाइपच्या आतून फिरून गंज मोजणारं यंत्र) फिरवला तर वेग नक्की कळेल का? सीपी (कॅथोडिक प्रोटेक्शन, गंज रोखायला पाइपला दिलेला करंट) चालू आहे, मग गंज थांबला असं धरू का?

उत्तर : मॅग्नेटिक फ्लक्सवाल्या, म्हणजे चुंबकाने खड्डे शोधणाऱ्या पिगची खोलीची चूक साधारण जाडीच्या १० टक्के वर-खाली धरतात, तुमच्याकडे ०.८ मिमी. वर्षाची वाढ ०.२ असेल तर ती त्या चुकीतच बुडून जाणार, दोन फेऱ्यांत काही वर्षांचं अंतर ठेवा आणि तोच खड्डा परत जुळवून बघा. सीपीचं म्हणाल तर कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर (मातीला टेकवून व्होल्टेज मोजायचं साधन) उणे ८५० मिलिव्होल्ट, म्हणजे सीपी पुरेसं असल्याचं नेहमीचं रीडिंग, मिळतात म्हणून निर्धास्त होऊ नका, कोटिंग फुगून सुटलं असेल तर त्याच्या आत पाणी शिरतं पण करंट पोचत नाही, वर रीडिंग छान आणि आत गंज चालूच, अशा जागा खणूनच बघाव्या लागतात.